हौद, दोन कासवे आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर पूर्ण, शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, अविवाहित, राहणार पहिला मजला, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच टेबलावर लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. खुबा पूर्ण ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्राला खुबा लागत नाही असे वकीलबाईंनी सांगितले. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. गोड बोलून गुंडाळण्याचा एक प्रयत्न झाला, तो कोणी केला ते पुढे येईलच.

वकीलबाईंनी एक छापील नमुना दिला होता. "मनुष्याचे जीवन पाण्यावरच्या बुडबुड्यासारखे आहे" अशी त्याची सुरुवात होती. जिने एकतीस वर्षे पाणी तपासले तिने असल्या वाक्याखाली सही करू नये. पाण्यात बुडबुडे असणे चांगले. नसले तर मासे मरतात. म्हणून नमुना परत केला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी हातावर पट्टी मारून मारून शिकवले होते, की असे लिही की वाचणाऱ्याला पुन्हा विचारायला यावे लागू नये. तसे लिहिते.

कलम पहिले. मिळकत काय आहे.

तीन खोल्यांचे हे घर माझ्या पगारातून घेतलेले आणि एकटीच्या नावावर आहे. वडिलोपार्जित यात एक खिळाही नाही. मागच्या खोलीत सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि सव्वा फूट खोल असा विटांचा, आतून फरशी लावलेला हौद आहे. बांधण्याआधी इंजिनिअरला बोलावून तुळया तपासून घेतल्या होत्या, त्याचा दाखला कपाटात आहे. हौदाच्या मधोमध स्टीलची जाळी आहे. अलीकडे अकरा मासे, पलीकडे दोन कासवे. ही जाळी कधीही काढू नये. कासव दिसायला सोशिक असते, पण मासा नाकासमोरून गेला की त्याला सोसत नाही.

थोरल्या कासवाचे नाव मुकादम. बावीस वर्षांपूर्वी आमच्या शिपायाने ते मुलासाठी घेतले, तेव्हा नाण्याएवढे होते. मुलगा महिन्याभरात कंटाळला. शिपाई म्हणाला, "बाई, घेता का? नाहीतर गटारात सोडतो." मी जेवणाच्या डब्यात घालून घरी आणले. आता ते ताटाएवढे आहे. मुकादम नर आहे असे मी अकरा वर्षे धरून चालले होते, मग त्याने अंडी घातली. नाव बदलले नाही. हुद्दा एकदा मिळाला की मिळाला.

दुसरी धाकटी. माशांच्या दुकानदाराने "एकदम ठणठणीत" म्हणून विकली तेव्हा तिची पाठ भिजल्या पुठ्ठ्यासारखी मऊ होती. दिव्याखाली शेकून आणि नीट खाऊ घालून दोन वर्षांत टणक केली.

अशी कासवे चाळीस वर्षे जगू शकतात. माझ्याकडे एवढी वर्षे नाहीत. या मृत्युपत्राचे कारण एवढेच. कपाटे, भांडी, शिवणयंत्र यांचे काहीही करावे.

कलम दुसरे. ज्यांना काही ठेवलेले नाही.

वरील दुकानदार. कारण वर आहे.

माझे माजी साहेब. "क्लोरीन थोडं जास्त पडलं म्हणून कोणी मरत नाही हो बाई," असे ते म्हणत. साहेबांनी मासे पाळले नाहीत हे माशांचे भाग्य.

माझा धाकटा भाऊ. त्याच्यावर माझा राग नाही. होता, चांगला पाच महिने होता. तो का होता हे लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील म्हातारीने सख्ख्या भावाला डावलले.

गेल्या वर्षी ओल्या फरशीवर घसरून माझा खुबा मोडला आणि मी पाच आठवडे इस्पितळात पडले. भाऊ आणि भावजय घराकडे बघत. तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊ खाटेशी आला तो हसतच.

"ताई, सकाळपासून खपलो. हौद बघशील तर ओळखणार नाहीस. आरसा केलाय आरसा!"

"काय केलंस?"

"सगळं पाणी काढलं, घासला, नळी लावून ताजं पाणी भरलं. आणि तो फिल्टरचा स्पंज, शी! कुजला होता नुसता. साबणाने पांढराशुभ्र केला."

ज्यांनी हौद ठेवला नाही त्यांच्यासाठी खुलासा करते. त्या घाणेरड्या स्पंजात जंतू राहतात, ते माशांची घाण पचवतात. म्हणून स्पंज हौदाच्याच पाण्यात नुसता पिळायचा असतो. आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. किती असते ते मला विचारा, एकतीस वर्षे तेच मोजले. ते पाणी दिवसभर उघडे ठेवून मगच हौदात घालायचे. माझ्या भावाने एका सकाळीत, अत्यंत प्रेमाने, दोन्ही बाजूंनी विष घातले होते.

मी एवढ्या जोरात ओरडले की नर्स धावत आली. भाऊ तिला म्हणाला, "बघा, स्वच्छता केली तरी बोलणी खायची!" मग माझ्या पायावर हात ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाला, "तू बरी हो आधी. आणि पुढेमागे काही झालंच ना ताई, तर कासवं तळ्यात सोडून देऊ. मोकळी होतील बिचारी."

गोड बोलणे म्हणतात ते हेच. बावीस वर्षे हातून खाल्लेल्या जिवाला तळ्यात सोडणे म्हणजे मला या वयात रानात सोडून "मोकळी झालीस हो" म्हणण्यासारखे आहे. मला उठता येत नव्हते. तो घरी गेला आणि मी छताकडे बघत राहिले. खुब्याचे दुखणे त्यापुढे काहीच नव्हते.

कलम तिसरे. खालचे घड्याळजी.

माझ्या बरोबर खाली एक घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी राहतात. त्यांचे आणि माझे बारा वर्षे भांडण होते. एक, हौदाच्या पंपाची घरघर. दोन, त्यांच्या छतातली गळती. तीन, हौद अंगावर कोसळून ते झोपेत बुडून मरतील ही भीती. त्यांनी मला एकूण एकेचाळीस पत्रे लिहिली. "दर रविवारी सव्वानऊनंतर मिनिटास बाहत्तर थेंब" असे त्यात असे. प्रत्येक पत्राला मी उत्तर दिले, क्रमांक घालून, सविस्तर. पाणी कधी बदलते, किती बदलते, आधी कसे ठेवते, स्पंज कसा पिळते, आणि त्यामुळे त्यांचे थेंब माझे असूच शकत नाहीत, हे एकेचाळीस वेळा लिहिले.

तर त्या दुपारी मी समोरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. माझ्या घराची जादा चावी त्यांच्याकडे असते. त्या म्हणाल्या, "अहो, चावी घड्याळजी घेऊन गेले. मघापासून तुमच्या हौदाशी बसलेत. मीही तिथेच आहे."

"तो माणूस? माझ्या हौदाशी? द्या फोन त्यांना."

त्यांनी फोन घेतला.

"तुम्ही माझ्या घरात काय करताय?"

"पाणी बदलतोय, बाई. एक तृतीयांश. तुमचं पत्र क्रमांक चौदा."

"नळाचं?"

"पत्र नऊ वाचलंय मी. आमच्या पिंपातलं आहे, कालचं. मुलगी बादल्या आणतेय."

मी दुसरीकडून पकडायला बघितले.

"खायला काही घालू नका."

"घातलेलं नाही. पत्र बावीस."

"पण तुम्ही वर आलातच कसे?"

"दुपारी पडलो होतो. तुमचा पंप थांबला. बारा वर्षं त्या घरघरीला शिव्या दिल्या बाई, आणि थांबली तर डोळा लागेना. दुकानात पन्नास घड्याळं चालू असतात, त्यातलं एक बंद पडलं की मान वर होते, तसं झालं. वर येऊन बघतो तर मासे तोंड वर काढून धापा टाकतायत. मग खाली जाऊन तुमच्या पत्रांची फाइल घेऊन आलो."

भावाने स्पंज उलटा बसवला होता, म्हणून पंप अडकला होता. तो अडकला नसता तर खालच्यांना काही कळलेच नसते. सव्वीस बादल्या बापलेकीने जिन्यावरून वाहिल्या. तेरा माशांपैकी दोन गेले, अकरा राहिले. कासवे तेवढ्या वेळ बादलीत होती आणि मुकादमने घड्याळजींच्या बोटाला चावा घेतला. पुढचे पाच आठवडे त्यांनी सगळे केले. पत्राबाहेरची एकही गोष्ट केली नाही. माझे लिहिणे कोणी इतके मन लावून वाचले असेल असे मला वाटले नव्हते.

कलम चौथे. कबुली.

गळती माझीच होती. घरी आल्यावर मला वाकता येईना, म्हणून घड्याळजींची मुलगी बॅटरी घेऊन हौदामागे पालथी पडली. ती वीजजोडणीचे काम करते. तिथूनच म्हणाली, "काकू, जादा पाण्याच्या पाइपाचा सांधा पाझरतोय. आणि याच्याखाली वाटी कोणी ठेवलीय?"

वाटी मी ठेवली होती, आठ वर्षांपूर्वी. वाटी ठेवून मी टेबलाशी येऊन कडक उत्तरे लिहीत होते. सांधा आता बदलला आहे. हे मी घड्याळजींना तोंडाने सांगितलेले नाही, मला ते जमत नाही. येथे लिहून देते की थेंबांच्या बाबतीत ते पहिल्या पत्रापासून बरोबर होते आणि त्यांचे छत माझ्या ठेवीतून नवे करून द्यावे. भिंतीसकट.

कलम पाचवे. घर, हौद आणि कासवे.

हे सर्व मी घड्याळजींच्या मुलीला देते. तिचे वय चोवीस आहे. मी तिला विचारले, "वीस-तीस वर्षांचं लचांड आहे. हो म्हणायच्या आधी विचार कर."

तिने लगेच हो म्हटले नाही, म्हणून माझा विश्वास बसला. दोन दिवसांनी ती प्रश्न लिहून घेऊन आली. कासवे आजारी पडली तर कोणाला दाखवायचे? वीज गेली तर पंप किती तास थांबला तर चालेल? ती कामासाठी गावाबाहेर गेली तर बाबा आहेत, पण बाबांनंतर? आणि शेवटी, "काकू, ती मागची खोली मला हव्या रंगाची करता येईल का? हा रंग म्हणजे इस्पितळ वाटतं."

पहिल्या तिन्हींची उत्तरे वेगळ्या वहीत आहेत. चौथ्याचे उत्तर: करावा.

घड्याळजी मात्र रागावून वर आले. "बाई, आम्ही घरासाठी नाही केलं हे."

"माहीत आहे. घरासाठी केलं असतं तर मिळालं नसतं. आणि कासवं खाली नेलीत तर वरच्या मजल्याच्या नावाने खडे कोण फोडणार?"

ते हसले. बारा वर्षांत त्यांचे दात मी प्रथमच पाहिले.

अट एकच आहे. कासवे आणि मासे तळ्यात, नदीत, विहिरीत सोडू नयेत, आणि दुकानदाराला परत देऊ नयेत. कधी जमेनासे झाले तर जो माणूस लगेच हो म्हणत नाही अशाला शोधून द्यावीत. हे ठरल्यापासून मला दुपारी शांत झोप लागते. इतकी, की परवा पंपाची घरघर मलाच ऐकू आली नाही.

मी रविवारी गेले तर आधी हौदाचे पाणी बदलावे आणि मग माझ्याकडे बघावे. मला घाई नसेल.

कलम सहावे. साक्षीदार.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असे वकीलबाईंनी बजावले आहे. त्यामुळे घड्याळजी बाद. डॉक्टरीणबाई आल्या. दुसरे साक्षीदार, आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, पाहुणे आल्याचे निमित्त सांगून आले नाहीत. आम्ही वाट बघत असताना दारात उभा राहिला माझा भाऊ, फळांची पिशवी घेऊन. तो या मृत्युपत्रावर उद्या भांडेल ही धास्ती मला वर्षभर होती. म्हणून मी त्याला बसवले आणि पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचून दाखवले. तळ्याच्या वाक्याला त्याने मान वर केली.

"असं म्हणालो होतो मी?"

"अस्संच."

"मग राहू दे." थोड्या वेळाने तो म्हणाला, "ते दोन मासे मला अजून दिसतात, ताई."

मी पाच महिने ज्याची वाट पाहिली ते वाक्य त्याने असे मध्येच उच्चारले. मला पुढचे वाचायला चष्मा पुसावा लागला. वाचून झाल्यावर त्याने विचारले, "मी इथे सही केली की मला काही मिळणार नाही, बरोबर?"

"बरोबर."

"घर नाही?"

"नाही."

"आणि कासवंही नाहीत? पुढेमागे, कायद्याने वगैरे, माझ्या गळ्यात येणार नाहीत?"

"येणार नाहीत."

"नक्की ना?"

"डॉक्टरीणबाईंसमोर सांगते."

"आण इकडे पेन," तो म्हणाला, आणि एवढा मोठा श्वास सोडला की डॉक्टरीणबाईंनी त्याची नाडी बघितली. त्या क्षणी त्यांनी माझीही बघायला हवी होती.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, ऐकवला. तो खरा आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, यानंतर करण्याची गरज उरलेली नाही.

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सोमवार, सकाळचे साडेअकरा

लिहून देणार:
(सही)
निवृत्त पाणी तपासनीस

साक्षीदार पहिल्या:
(सही)
समोरच्या डॉक्टरीणबाई. लिहून देणारीची प्रकृती तपासली, उत्तम आहे.

साक्षीदार दुसरा:
(सही)
लिहून देणारीचा सख्खा धाकटा भाऊ. सर्व ऐकून, समजून आणि आनंदाने.