शुक्रवारचा जनरेटर

मी, भागिरथी भीमराज रोहम, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा कडबा कुट्टी यंत्रांचा कारखाना, राहणार संगमनेर, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. रागाने माणसाची शुद्ध जाते म्हणतात. माझी उलट जास्तच तल्लख झाली आहे. आज शुक्रवार आहे आणि खिडकीबाहेर माझ्या मुलाचा, तुषारचा, जनरेटर धडधडतो आहे. रागाला आणखी कारण नको.

१. कारखान्याची जागा, शेड आणि यंत्रे ही माझी व माझे पती कालकथित भीमराज यांची स्वकष्टाची कमाई असून त्यांच्या पश्चात सर्व माझ्या नावावर आहे. वडिलोपार्जित एक खिळाही नाही. तेव्हा ‘मुलगा म्हणून माझा हक्क’ ही भाषा इथे चालणार नाही.

२. शुक्रवारी आमच्या भागात कारखान्यांना वीज नसते. बाकीचे त्या दिवशी कुलूप लावतात. आम्ही कधी लावलं नाही. कामगारांनी पगारी यावं, भंगाराच्या ढिगातलं हवं ते घ्यावं, सुचेल ते करून बघावं. बिघडलं तर कोणी बोलायचं नाही, हा माझा नियम. शिव्या देणारं गिऱ्हाईकही शुक्रवारीच बोलवायचं; आधी चहा, मग त्याचं सगळं ऐकायचं. बेलापूरच्या छबूबाई अशाच आल्या, बोटं तुटलेला हात पुढे करून. “तुमच्या मशिनीनं खाल्ली. आता कुनाची खायाची हाय?” माझी मुलगी यशोधरा तेव्हा चहा देत होती. कप तिच्या हातातच राहिला. पुढच्या शुक्रवारांत तिने यंत्राला उलटा दांडा बसवला. हात ओढला जातोय वाटलं की दांडा मारायचा, कडबा मागे येतो आणि हातही. आज आमचं यंत्र खपतं ते या दांड्यामुळे.

३. तुषारने जनरेटर आणला. शुक्रवारीही माल निघू लागला आणि दारावर पाटी लागली: ‘सूचना करू नयेत.’ अरे, सूचनांवरच तर तुझं ताट वाढलं जातं! मला म्हणतो, “आई, खेळ पुरे, आता धंदा.” मी डोळ्याच्या ऑपरेशनला नगरला गेले, तेवढ्यात याने भंगाराचा ढीग विकून टाकला. त्यात यशोधराचं अर्धवट यंत्र गेलं, पायाने चालणारं, अकोले तालुक्यातल्या वीज नसलेल्या वाड्यांसाठी ती करत होती ते. बहिणीची मेहनत भंगाराच्या वजनकाट्यावर ठेवताना याला लाज कशी वाटली नाही?

४. मी आणि यशोधरा भंगारवाल्याच्या दारात गेलो. यंत्र मोडलेलं नव्हतं. त्याची बायको झुंबरबाई त्यावर शेळ्यांसाठी घास कापत होती. “झ्याक चालतंय,” म्हणाली, “पन पायटा लई जड हाय, गुडघं धरत्यात.” यशोधरा तिथेच मातीत बसून पायटा बघू लागली. कारखाना कोणाला द्यायचा हे मी त्या दारात ठरवलं.

५. कारखाना, शेड, यंत्रे आणि कारखान्याचे नाव यशोधराला. अट एकच. शुक्रवार मोडायचा नाही.

६. राहते घर आणि बँकेतली ठेव तुषारला. मी आई आहे, वैरीण नाही. जनरेटरही त्यालाच. माझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधी त्याने तो उचलून न्यावा आणि घरी खुशाल पंखा फिरवावा. पाटी मी आज सकाळी स्वतः उपटली आहे. तीही त्याच्याच वाट्याला.

७. माझ्या दुखवट्यासाठी कारखाना बंद ठेवू नये. मी कोणत्याही वारी गेले तरी दुसरा दिवस शुक्रवार धरावा. वीज बंद, चहा सुरू. त्या दिवशी तुषारने आलंच पाहिजे. शाळेत असताना याने माझा चांगला चालता स्टोव्ह खोलून अंगणभर मांडला होता. संध्याकाळी घर उपाशी, आणि हा पंप हातात धरून हसतोय! त्या पोराला कोणी कुठे भंगारात घातलं, मला कळत नाही. त्या दिवशी त्याने नव्याने साठलेल्या ढिगातलं काहीही घ्यावं आणि बिघडवावं. त्याला कोणी बोलू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, जनरेटरच्या वर आवाज चढवून साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमक्ष सही केली.

सही: भागिरथी भीमराज रोहम

साक्षीदार:
१. काकासाहेब बन्सी थोरवे, शेजारच्या लेथ वर्कशॉपचे मालक
२. डॉ. ज्ञानेश्वरी आदिनाथ कडलग, संगमनेर

ठिकाण: संगमनेर
दिनांक: १४ नोव्हेंबर १९९७, शुक्रवार