पऱ्हाटीसमोरचा शब्द

सोमवार, होळीनंतरचा. संध्याकाळ.

पऱ्हाटी फुकट मिळाली नाही, तर आमचा प्रकल्प परवडेल का? मला सांगता येत नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, जाळून वीज करायची. हंगामात उरलेली वाफ सरकीच्या तेलगिरणीला द्यायची, गिरणी बंद असेल तेव्हा नुसती वीज. कागदावर सगळं जुळत होतं. गावच्या पाहणीच्या तक्त्यात पऱ्हाटीसमोर मीच लिहिलं होतं, ‘टाकाऊ’.

दुपारी आईला कौतुकानं वाचून दाखवलं. ती चुलीपुढं पऱ्हाटीच मोडत होती. हात न थांबवता म्हणाली, “टाकाऊ व्हय? मंग उद्यापासून सैपाक कायच्यावर करू, तुह्या डिग्रीवर?” शेजारच्या काकू हसल्या. मीही हसले असेन.

टाकाऊ. याच जाळावरचं खाऊन शिकले, आणि हा शब्द मला सुचला तरी कसा? वाईटसुद्धा वाटत नाही, नुसतं बधिर. कापसाचा भाव पडल्यापासून घरात गॅसचा विषय कोणी काढत नाही.

साहेब म्हणाले होते, फुकट पऱ्हाटी कमी भरली तर प्रकल्प बारगळेल. म्हणजे माझी नोकरीही.

ऑफिस बंद व्हायच्या आत जाऊन आले. ‘टाकाऊ’ खोडलं, ‘सरपण’ लिहिलं, बाजूला सही केली आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.