पहिला क्रमांक काढून घेऊन माझा निषाद ऐकून घेण्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
पदव्युत्तर संगीत विभाग,
सांगली.

विषय : एम. ए. (संगीत रचना) अंतिम परीक्षेतील माझा पहिला क्रमांक रद्द करून माझ्या रचनेची फेरपरीक्षा घेणेबाबत.

संदर्भ : विभागाच्या फलकावर लागलेला निकाल व त्यानंतर आपण फोनवरून केलेले माझे अभिनंदन.

माननीय महोदय,

मी, सौ. विजयमाला रायगोंडा मगदूम, राहणार मालगाव, ता. मिरज, वरील निकालात पहिली आले आहे. दुसरी आलेली सौ. चंदना जिनेश मगदूम ही माझी धाकटी जाऊ. आम्ही एका घरात राहतो, एका चुलीवर स्वयंपाक करतो आणि दोन वर्षे एकाच एसटीने वर्गाला येत होतो. पहिली आलेली बाई आपला क्रमांक काढून घ्या असे का म्हणते, हे आपल्या ध्यानात यावे म्हणून घडले ते सविस्तर सादर करते.

१) माझे माहेर जत तालुक्यातले. लग्नाआधी मी संगीत घेऊन बी. ए. झाले. लग्नानंतर शाळेतली समूहगीते बसवली, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पर्वाच्या दिवसांत स्तवनांना चाली लावल्या. मुले मोठी झाल्यावर आपल्या विभागाची प्रवेशाची जाहिरात पाहिली. आमचे मालक म्हणाले, "आता ह्या वयात परीक्षा? लोकं हसतील." त्यावर माझ्या सासूबाई, बनुबाई, म्हणाल्या, "जाऊ दे की तिला. घरात तरी ती कुठं गप बसती?" एवढ्या पाठिंब्यावर मी निघाले. एकटीने जाणे बरे दिसत नाही म्हणून चंदनाला सोबत घेतले. अर्जाच्या रांगेत उभी असताना ती म्हणाली, "अक्का, मी बी भरू का? नुसतीच उभी हाय." तिची पदवी वाणिज्य शाखेची, पण विभागाला कोणतीही पदवी चालत होती. पेटी तिला मीच शिकवलेली. मी हसून "भर" म्हटले.

प्रवेश परीक्षेत दिलेल्या ओळींना मी तीन वेगवेगळ्या चाली लावल्या व प्रत्येकीमागचा विचार सांगितला. चंदनाने एकच लावली. परीक्षकांनी तिला ती पुन्हा म्हणायला सांगितले. मला सांगितले नाही.

२) दोन वर्षे असेच चालले. माझ्या रचनेला गुरुजन "व्यवस्थित आहे" असे म्हणत. तिची रचना ते आपल्या वहीत उतरवून घेत. हेही मी सोसले. परंतु एके दिवशी सासूबाई जोंधळे निवडताना चंदनाची चाल गुणगुणत होत्या. मी विचारले, "आत्ती, ही चाल कुणाची?" त्या म्हणाल्या, "कुणाची म्हंजे? आली तोंडात." माझे लग्न झाल्यापासून मी त्या घरात गात आहे. माझी एकही चाल त्या तोंडात आजवर आलेली नाही. त्या दिवशी भाजी करपली आणि ती तशीच सर्वांना वाढली. मत्सर हा शब्द सरकारी अर्जात चालत नसल्यास कृपया त्या जागी नाराजी असे वाचावे. माझ्या मते शब्द मत्सर हाच बरोबर आहे.

३) अंतिम परीक्षेसाठी मी बिहाग रागात समूहगीत रचले. शब्दही माझेच. जतच्या माळावरून तिन्हीसांजेला मेंढरे परततात, त्यावर. गावातल्या महिला मंडळाच्या बायका गाणार होत्या आणि पुढे होऊन गाणारी अपेक्षा ही गावातलीच, महाविद्यालयात शिकणारी मुलगी. रचनाकाराने स्वतः गायचे नाही असा आपला नियम असल्याने मी बाजूला उभी राहून हाताने इशारे करत होते.

मुखडा उत्तम झाला. अंतऱ्याची दुसरी ओळ आली आणि अपेक्षा थांबली. तिला ओळच आठवेना. बाकीच्या बायका तिच्या तोंडाकडे बघू लागल्या. तबला चालू, तानपुरा चालू आणि मधे गाणेच नाही. मला ओठ उघडता येत नव्हते. तेवढ्यात श्रोत्यांतून आवाज आला. चंदनाची पाळी माझ्यानंतर होती, ती तिथेच बसलेली. तिने बसल्या जागेवरून ओळ उचलली, अपेक्षाने ती पकडली आणि गाणे पुढे गेले. परंतु जिथे मी बिहागातला शुद्ध निषाद लिहिला होता तिथे चंदनाने त्या रागात नसलेला कोमल निषाद लावला, आणि गोंधळलेल्या अपेक्षाने व बायकांनी शेवटपर्यंत तोच धरला.

गाणे संपल्यावर मोठे परीक्षक उठून उभे राहिले. त्यांनी विचारले, "बाई, गाणं श्रोत्यांतनं उचलायचं आणि बिहागात हा कोमल निषाद. हे तुम्हांला सुचलं कसं?" मी तिथल्या तिथे सांगितले, "सर, ह्यातलं काहीच माझं नाही." ते इतरांकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? याला विनय म्हणतात." त्यांच्या लेखी शेऱ्यात तो निषाद म्हणजे या रचनेचा प्राण असल्याचे नमूद आहे. माझ्या रचनेचा प्राण माझा नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

४) निकाल लागला तेव्हा चंदनाने गावात घरोघर पेढे वाटले. "आमच्या अक्का पहिल्या आल्या," असे ती इतक्या आनंदाने सांगत होती की तिच्याकडे बघवेना. मी तिला गोठ्यामागे गाठून विचारले, "तो स्वर मुद्दाम लावलास का?" ती घाबरून म्हणाली, "न्हाई वं अक्का. तुमचा स्वर त्या वक्ताला आठवलाच न्हाई. तोंडात आला त्यो लावला."

महोदय, तिने मुद्दाम लावला असता तर मी आयुष्यभर तिच्याशी भांडले असते व समाधानी राहिले असते. तो तिच्या तोंडात आला. मी त्या ओळीवर सबंध उन्हाळा घालवला होता, मला तो आला नाही. घरी कोणी नसताना मी दोन्ही स्वर पेटीवर वाजवून पाहिले. तिचा जास्त चांगला लागतो, हे नाइलाजाने कळवत आहे.

५) सबब विनंती की,

(अ) माझी रचना मी लिहिल्याप्रमाणे, शुद्ध निषादासह, पुन्हा ऐकण्यात यावी.

(आ) त्या दिवशी चंदना सभागृहात, व्हरांड्यात किंवा जिन्यावर नसावी. तिला साताऱ्याला माहेरी पाठवण्याचे मी बघते.

(इ) एका परीक्षार्थीने दुसऱ्याच्या सादरीकरणात गाणे नियमबाह्य असले तरी तिच्यावर कारवाई करू नये. ती मध्ये पडली नसती तर बायका रडत मंचावरून उतरल्या असत्या. शिवाय कारवाई झाल्यास गावात ती आणखी मोठी होईल.

हा अर्ज मी घरात वाचून दाखवला. मालक उठून बाहेर गेले. चंदना म्हणाली, "द्या अक्का. मी संमतीची सही करते." आणि तिने लगेच केली. मी निदान थोडी अडवणूक अपेक्षिली होती.

फेरपरीक्षेत माझे गुण कमी होतील व पहिला क्रमांक चंदनाकडे जाईल, याची मला पूर्ण कल्पना आहे. ते मला सहन होणार नाही. बस्तीत, बाजारात, एसटीत लोक तिचे कौतुक करतील आणि मला शेजारी उभे राहून हसावे लागेल. तरीही हा अर्ज मी मागे घेणार नाही. मला कमी गुण द्या, परंतु ते माझ्या स्वराला द्या.

पदवी न स्वीकारता आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
सौ. विजयमाला रायगोंडा मगदूम
मालगाव, ता. मिरज, जि. सांगली
दिनांक : १२ जुलै २०२४

सोबत : गुणपत्रकाची प्रत; रचनेची मूळ स्वरलिपी; सौ. चंदना मगदूम यांचे संमतिपत्र.