मोरीवरचा एकटा

लिओनी,

मला शोधत बसू नकोस. कुऱ्हाड घेऊन रस्त्याखालच्या मोरीकडे चाललोय, अंधाराआधी येतो. कमरेचा पट्टा बांधलाय, तेव्हा ओरडू नकोस.

अल्फीला सापळे लावायला मीच सांगितलं होतं, माहीत आहे मला. त्या बीव्हरांच्या जोडीने मोरी तुंबवून बटाट्याचं अख्खं शेत पाण्यात घातलं. मी सकाळी बांध उचकटावा आणि त्यांनी रात्रीत पुन्हा उभा करावा! शिव्या देऊन घसा बसला माझा. सोमवारी अल्फीच्या सापळ्यात मादी सापडली. ती उचलताना म्हणाला, "काका, आता नर आपोआप जाईल. नाही गेला तर त्यालाही धरतो."

तो गेला नाही. चार दिवसांत बांधावर एक काडी ठेवलेली नाही. संध्याकाळी नुसत्या फेऱ्या मारतो. बांधामागचं तळं गोठायला आलंय आणि याची हिवाळ्यासाठी फांद्यांची साठवण काहीच नाही. म्हणून परवापासून मीच पॉप्लरच्या कोवळ्या फांद्या तोडून त्याच्यासाठी पाण्यात टाकतोय. हसायचं तर हस. तो वास घेतो आणि तशाच सोडून जातो. काल मी ओरडलो, "अरे, खा की लेका!" आणि मग तिथेच बराच वेळ बसून राहिलो.

अल्फीला फोन कर. सापळे काढून ने म्हणावं. मोरी मी मोकळी करत जाईन.

आई गेल्यापासून तू रोज माझ्यासाठी रस्सा झाकून ठेवतेस आणि रात्री तसाच उचलतेस.

आजचा संपवलाय. पातेलं घासून पालथं घातलंय.

बाबा