बाळंतिणीच्या खोलीतली ओली वीट

मार्गशीर्ष वद्य तृतीया, तिन्हीसांजा. शनिवार पेठ.

धोंडी गवंड्याने मला फसवले. आधी हे लिहिते, देवाचे नाव मागाहून घेईन.

नातसून गोदा बाळंतीण आहे, कालच पाचवी पुजली. तिच्या न्हाण्याचे पाणी खोलीच्या नव्या भिंतीत मुरते. आज तिथला गिलावा फुगलेला दिसला. नखाने खरवडला तर आतली वीट ओल्या गुळासारखी बोटाला लागली. कच्ची वीट, नुसती उन्हात वाळवलेली, भट्टी न पाहिलेली. आणि तिच्यावर माडीचा सगळा भार.

धोंडीला बोलावले. म्हणतो, "आजीबाई, विटा तुम्हीच वाजवून घेतल्या होत्या."

"ढिगातल्या वरच्या थराच्या वाजवल्या. खाली तू काय दडवलेस ते तुला ठाऊक."

"मग खालच्या का नाही वाजवल्या?"

खरेच, का नाही वाजवल्या? दोन विटा एकमेकींवर आपटल्या, खणखणल्या, आणि मी पेठभर सांगत सुटले की आमची भिंत पक्की.

सोयरातली बाळंतीण दहा दिवस खोलीबाहेर येत नाही. मुलगा म्हणतो, "आई, चारच दिवस उरलेत." भिंतीला सोयर कळते का रे बाबा? पुन्हा बोट लावून पाहिले. आता अर्धे बोट आत जाते.

बस झाले लिहिणे. गोदाला तान्ह्यासकट आत्ताच ओसरीवर आणते. सोयर मोडले म्हणून कोणी विचारायला आले, तर पोरीने तोंड उघडायचे नाही. माझ्याकडे पाठवायचे.