पत्ता बरोबर होता

पासिर रिस, सिंगापूर
३ ऑगस्ट २०१४

ती. शैलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याविरुद्ध माझी एक तक्रार असून ती मी पूर्ण गांभीर्याने मांडत आहे. पाठवलेल्या मेतकुटाच्या डब्यावर तू ‘हळद’ ही जुनी चिठ्ठी तशीच ठेवलीस. परिणामी मंगळवारची आमटी मीनलने मेतकुटाची फोडणी देऊन सिद्ध केली. अशी आमटी नवऱ्याने मुकाट्याने गिळावी, असं कोणत्याही स्मृतीत सांगितलेलं नाही. तरी मी गिळली.

आता खरी बातमी. आपल्या आजोबांचा धाकटा भाऊ वामन सापडला. म्हणजे त्यांची मुलगी सापडली. १९३० साली नऊ वर्षांच्या पोराला पणजीने शिकायला म्हणून मुंबईच्या एका व्यापाऱ्याबरोबर इकडे धाडलं, व्यापारी वारला, पोराचा ठाव लागला नाही, एवढंच आपण ऐकत आलो. तुझ्या आग्रहाखातर मी इथल्या कम्युनिटी क्लबच्या फळ्यावर ‘वामन आगटे’ हे नाव लावलं. तिसऱ्या दिवशी जानकी लिम नावाच्या चौसष्ट वर्षांच्या बाईंचा फोन! राहतात आमच्यापासून चार ब्लॉक सोडून. वामनआजोबा इथल्या पुलाउ उबीन बेटावरच्या खाणीत दगड फोडत वाढले, चिनी मुलीशी लग्न केलं, १९८८ला गेले. मुलीला नाव ठेवलं ते स्वतःच्या आईचं, म्हणजे आपल्या पणजीचं.

जानकीआत्यांना (नात्याने आत्याच ना?) मराठी येत नाही, पावकी मात्र येते, पाव-अर्धा-पाऊणचा अख्खा पाढा, चालीवर. त्यांना ती अंगाई वाटते. नातवंडांना त्यावर झोपवतात. नऊ वर्षांच्या मुलाजवळ बरोबर नेण्याइतकं मराठी तेवढंच होतं.

भेटायला गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं, की वडील दिवाळीला राजापूरला पत्र धाडायचे, उत्तर कसं कधी आलं नाही? मी म्हटलं, पत्ता चुकला असेल. त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक नारळाची वडी ठेवली. डिसेंबरात त्यांना घेऊन येतो आहे.

मोठ्यांना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तेवढी पुरवून वापर.

तुझा,
प्रबोध

---

राजापूर
१५ ऑगस्ट २०१४

चि. प्रबोध यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चिठ्ठी माझीच चुकली. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाला वासावरून मेतकूट ओळखता येऊ नये? संस्कृतात अठ्ठ्याण्णव मार्क कशाला मिळवले होतेस मग?

तुझं पत्र वाचलं आणि काय वाटलं कोण जाणे, अभयकडून माळ्यावरची आजोबांची पोथ्यांची पेटी खाली काढवली. लेकाने कुरकुर केली, पण काढली. तळाशी सोवळ्याच्या फडक्यात बावीस पत्रं निघाली. सगळी उघडलेली, तारखेवार लावलेली. सगळी वामनआजोबांची.

पहिलं १९४७ सालचं. आदल्याच वर्षी, बारा वर्षांहून जास्त काळ खबर नाही म्हणून, आजोबांनी भावाचा पालाशविधी केला होता. पळसाच्या देठांचा माणूस करून जाळला, घराने सुतक पाळलं. आणि मग हे पत्र. त्याच्या कोपऱ्यात आजोबांच्या हातची पेन्सिलीची ओळ आहे, ‘आईस सवडीने सांगावे.’ पणजी एक्कावन्न साली गेली. तिला कुणी सांगितलं नसणार. पितृपक्षात वामनचं पान ती शेवटपर्यंत स्वतः मांडायची, असं आई म्हणायची.

आत्या आता म्हाताऱ्या झाल्या. येऊ देत, चार दिवस राहू देत, आंबोळ्या घालीन. पत्ता चुकला होता हेच राहू दे. पत्रं मी पेटीत परत ठेवते.

मीनलला आणि माझ्या भाच्याला, तन्मयला आशीर्वाद. प्रकृतीला जप, एवढंच मागणं.

शैलाताई

---

पासिर रिस
२७ ऑगस्ट २०१४

ती. शैलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

अठ्ठ्याण्णव नव्हे, सत्त्याण्णव. खोटी कीर्ती नको.

विधी झालेला माणूस जिवंत परतला तर शास्त्रात सोय आहे. त्याला तुपाने न्हाऊ घालायचं, जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे. आजोबांना हे माझ्याहून पाठ होतं. सव्वीस वर्षांच्या भावाचं बारसं करायची त्यांना लाज वाटली, की ज्या आईला रडवून मोकळं केलं तिला आता कुठल्या तोंडाने सांगू, असं झालं? काही असो. सवड मिळाली नाही.

पण ताई, तुझं ऐकता येत नाही. परवा जानकीआत्या घरी आल्या होत्या. वामनआजोबांना इंग्रजी लिहिता येत नसे, म्हणून आठव्या वर्षापासून पाकिटावरचा पत्ता त्याच लिहायच्या. ते सांगायचे, त्या लिहायच्या. मी पत्ता चुकल्याचं म्हटल्यापासून त्यांनी मनात धरलंय की चूक आपलीच, आपल्यामुळे वडील उत्तराची वाट बघत गेले. वडील त्याबद्दल कधी रागावलेसुद्धा नाहीत, हे तर आणखी वाईट लाह (हे इथल्या बोलीतलं शेपूट), असं म्हणून हसल्या. मग तन्मयचं पेन घेऊन तो पत्ता त्यांनी न थांबता लिहिला, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, कुठे चुकलं ते दाखव. आजही तू जिथे हे पत्र वाचते आहेस तिथलाच पत्ता होता. मी चष्मा पुसत बसलो. मीनलने चहाचं निमित्त काढलं.

माझी एक सोयीची थाप, आणि ती त्या बाई स्वतःच्या माथी घेऊन बसल्यात. तेव्हा पत्रं पेटीत ठेवू नकोस. बावीसच्या बावीस कुरियरने पाठव, पेन्सिलीच्या ओळीसकट. पोचली की मी स्वतः नेऊन देईन आणि सगळं सांगेन. रागावलीस तरी चालेल, पण रागावून का होईना, लिहीत राहा.

सांगायचं धाडस आहे. काळजी पुढची आहे. पत्रं पोचली होती हे कळल्यावर त्या विचारतील, वडील घरात कुणाला नकोच होते का? मी नाही म्हणेन. पण ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही.

तुझा,
प्रबोध