साऊथ शील्ड्सला भेटलेली मराठी

आवडी, चेन्नई
६ ऑगस्ट २००६

प्रिय नीलम,

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "मावशी, इंग्लंड कसं होतं?" आणि मी म्हटलं, "छान." बस, एवढंच! फोन ठेवला आणि माझं मलाच हसू आलं. साठीकडे झुकलेली बाई पहिल्यांदा विमानात बसते, साता समुद्रापलीकडे जाऊन येते आणि सांगते काय, तर "छान". अगं, आल्यापासून माझ्या मनात नुसत्या उकळ्या फुटतायत. पण तिकडे बेळगावात अमोघरावांचा टीव्ही चालू असतो, तुझी चिमुरडी रिसीव्हर ओढत असते, आणि तू सारखी "हां मावशी, हां" करत असतेस. अशात काय सांगायचं? म्हणून आज रविवारचा सकाळीच स्वयंपाक उरकला, पंखा मोठा केला आणि लिहायला बसलेय. तूही पोरीला निजव, चहा घे आणि सगळं सलग वाच. मधेच फोन करायचा नाही.

जायचं कारण तुला ठाऊकच आहे. तुझ्या भावाची, कौशिकची, जहाजावरच्या अधिकाऱ्याची परीक्षा जवळ आली होती आणि त्याने हट्टच धरला होता. "पास झालो की मी पुन्हा बोटीवर. मग तू कोणाकडे येणार?" मी लंडनला विमान बदललं, न्यूकॅसलला उतरले, आणि तिथून पिवळ्या मेट्रोने साऊथ शील्ड्सला. टाइन नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. साऊथ टाइनसाइड नावाच्या त्यांच्या महापालिकेत येतं. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तर घराघरांवर, मोटारींवर, दुकानांवर पांढऱ्या कापडावर लाल क्रॉस! मी घाबरून म्हटलं, "अरे, गावात साथ आलीय का? सगळीकडे दवाखाने दिसतायत." कौशिक भर रस्त्यात पोट धरून हसला. फुटबॉलचा वर्ल्ड कप चालू होता आणि तो त्यांचा इंग्लंडचा झेंडा होता.

त्याची खोली ओशन रोडच्या मागच्या गल्लीत. ओशन रोड म्हणजे काय विचारू नकोस! एकाला चिकटून एक बांगलादेशी हॉटेलं, संध्याकाळ झाली की कांदा-लसूण परतल्याचा असा वास सुटतो की वाटावं, आपण चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्यांतच फिरतोय. आणि तो रस्ता जो सुटतो तो थेट समुद्रावर. आपल्या मरीनाच्या वाळूत उकडलेले चणे विकणारे सुंडलवाले असतात ना, तसे इथे मासे आणि बटाट्याच्या चिप्स. मी नुसत्या चिप्स घेतल्या, व्हिनेगर शिंपडून. पहिली तोंडात घालणार तोच एक सीगल पक्षी आला आणि माझ्या बोटांतून ती घेऊन गेला. मी किंचाळले. शेजारच्या बाकावरच्या गोऱ्या आजीबाई मला "पेट" म्हणाल्या. मला वाटलं, मला पाळीव प्राणी म्हणतात की काय! तर तिकडे ते "बाळ" म्हणावं तसं प्रेमाने म्हणतात. वारा असा की दात वाजावेत, आणि लोक उघड्या अंगाने वाळूत पडलेले. मी साडीवर कौशिकचं निळं जाकीट आणि पायांत बूट. आरशात पाहिलं असतं तर मी घराबाहेर पडलेच नसते.

दुसऱ्या दिवशी कौशिक अभ्यासाला गेला आणि मी एकटीच बंदराच्या तोंडाशी निघाले. तिथे वाळूजवळ काशाचे पुतळे आहेत. माणसाएवढे, वरून माणूस आणि खाली नुसता गोल, जशी आपली खाली वजन असलेली बाहुली. ते सगळे एकमेकांकडे झुकून काहीतरी कुजबुजतायत असे उभे केलेले. ते बघून मी मोठ्याने म्हटलं, "अगं बाई, यांना पायच नाहीत!" आणि नीलम, त्यांच्यातलाच एक पुतळा मराठीत बोलला! "पाय नसले तरी काय जाहले अम्मा, गप्पा पाहा किती मारितात!" माझ्या हातातली पिशवी पडली. तपकिरी ओव्हरकोट आणि कानटोपी घातलेले एक गृहस्थ त्या पुतळ्यांत उभे होते. रंग सगळा तोच, मला काय कळणार! त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त धक्का बसला. पिशवी उचलून देत म्हणाले, "क्षमा असावी. मराठी ऐकिले आणि राहवले नाही. आपण कोठल्या?" मी म्हटलं, "आवडी." ते म्हणाले, "अय्यो! मी तिरुवल्लिकेणी!"

त्यांचं नाव एकोजीराव. तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेले. त्यांचं बोलणं ऐकत राहावं असं आहे. अर्ध्या वाक्यात जुन्या कागदांतलं वाटावं असं मराठी आणि उरलेल्या अर्ध्यात तमिळ, वर "सेरि, सेरि" म्हणजे बरं, बरं. त्यांचा मुलगा कार्तिक आपल्या कौशिकच्याच वर्गात. पत्नी कनका तीन-चार वर्षांपूर्वी गेल्या. आणि नोकरी कसली, ओळख बघू? एग्मोर स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायची! तुम्हा दोघांना घेऊन मी दर सुट्टीत एग्मोरहून गाडीला बसायची, तेव्हा तो वरून येणारा भरदार आवाज आठवतो? तू त्याची नक्कल करायचीस, ताटलीत तोंड घालून. तो आवाज यांचा, नीलम! मी त्यांना तिथेच, त्या पुतळ्यांसमोर, म्हणायला लावलं. त्यांनी छाती भरून घेतली आणि "पयणिगळिन् कनिवान कवनत्तिर्कु" सुरू केलं, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. दोन कुत्री आणि एक म्हातारा थबकून उभे राहिले.

पोरं अभ्यासात बुडालेली आणि आम्ही दोघं मोकळे. मग काय, रोज काहीतरी पाहायचं. नदीपलीकडे नॉर्थ शील्ड्सला छोटी फेरीबोट जाते. बसतो न बसतो तोच उतरायचं. पण मी सगळ्यांत पुढे कठड्याशी उभी राहिले, पदर डोक्याला घट्ट बांधून, आणि पलीकडे पोचल्यावर म्हटलं, "परत जाऊ या?" आम्ही त्याच बोटीने परत आलो, आणि पुन्हा गेलो. तिकीट तपासणारा हसत होता. सूटरचं दीपगृह पाहिलं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, खडूच्या डबीसारखं दिसतं. विजेवर चालावं म्हणून मुद्दाम बांधलेलं जगातलं पहिलं दीपगृह म्हणे. त्याचा जिना गोल गोल वर जातो. एकोजीराव मधेच थांबून म्हणाले, "आपण व्हा पुढे, मी आलो," आणि मला कळलं, त्यांना धाप लागलीय आणि सांगायचं नाहीये. म्हणून मीच खिडकीशी थांबून समुद्राची तारीफ करत बसले. तिथून पुढे मार्सडेनला समुद्रात एक भलामोठा खडक उभा आहे, त्यावर हजारो पक्षी, एकमेकांशी भांडणारे. एकोजीराव म्हणाले, "आमचे कल्याणमंडप असेच असते, लग्नाच्या दिवशी."

आणि किनाऱ्यावरच्या जत्रेतल्या त्या टकरा देणाऱ्या मोटारी! तुझी मावशी मोटार चालवून आली, कळलं का? आवडीच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात आयुष्यभर मी रणगाड्यांच्या भागांची चित्रं ट्रेस केली, पण सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती. पहिल्या मिनिटाला भिंतीवर आदळले. दुसऱ्या मिनिटाला मला युक्ती कळली, आणि मग मी एकोजीरावांच्या गाडीला मागून, बाजूने, समोरून अशा काही धडका दिल्या की ते ओरडत होते, "पोदुम अम्मा, पोदुम! पुरे!" मी इतकी हसले की बरगड्या दुखल्या. खूप वर्षांत मी अशी हसले नव्हते. उतरल्यावर कानटोपी सारखी करत ते म्हणाले, "आपण हसलात ते बरे केले. माझे घरी कोणी हसत नाही."

सगळ्यांत शेवटी पाहिला आरबेया. रोमन लोकांचा किल्ला, गावातल्या घरांच्या मधोमध. दरवाजा पुन्हा बांधून काढलाय, आणि आत संग्रहालयात एका बाईच्या थडग्याचा दगड आहे. तिचं नाव रेजिना. तोंड फुटलंय, पण ती खुर्चीत बसलीय, मांडीवर सूत कातायचं सामान, पायाशी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. तिचा नवरा बाराटेस सीरियातल्या वाळवंटी गावाचा. ती इथली, गुलाम होती. त्याने तिला मोकळं केलं आणि तिच्याशी लग्न केलं. तिशीतच गेली बिचारी. दगडावर वर सगळं लॅटिनमध्ये लिहिलंय, लोकांना कळावं म्हणून. पण खाली एक ओळ त्याने आपल्या भाषेत कोरून घेतलीय, तिचं नाव आणि पुढे शोकाचा "हाय". त्या थंडगार गावात ती ओळ वाचणारे असे किती असणार? एकोजीराव त्या दगडासमोरून हलेनात. मग हळूच म्हणाले, "माझी कनका तमिळ. मी रागावलो की मराठीत बोलत असे. माझा राग समजावा म्हणून ती मराठी शिकली. ती गेली, आता राग आला तरी कोणापाशी बोलावे?" मग मला विचारलं, "आपण कोणाशी बोलता मराठी?" मी मनातल्या मनात मोजू लागले. भाजीवाल्याशी तमिळ, जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणींशी हिंदी, बँकेत इंग्रजी. मराठी फक्त तुझ्याशी, रविवारी, फोनवर. हे मी त्यांना सांगितलं, नीलम, मराठीतच.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही साऊथ शील्ड्सच्या लांबच लांब धक्क्यावर चालत गेलो, पार टोकाच्या दिव्यापर्यंत. वारा असा की शेजारच्याचं ऐकू येऊ नये. ते काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, "काय?" पुन्हा म्हणाले. पुन्हा "काय?" शेवटी त्यांनी उभं राहून एग्मोरच्या आवाजात सांगितलं, "चेन्नईस गेल्यावर आपणांस भेटावयास येऊ काय?" गळ टाकून बसलेल्या कोळ्यांनी माना वळवल्या. मी नुसती मान हलवली. मान हलवायला वाऱ्याची अडचण नव्हती.

ते आले. पहिल्या शनिवारी आले ते लोकल पकडून, हातात तिरुवल्लिकेणीच्या मोगऱ्याची पुडी, आणि दारातच म्हणाले, "आपले घर शोधावयास फार कष्ट जाहले, साऊथ शील्ड्स सोपे होते." मग पुढच्या शनिवारीही आले. समोरच्या अन्नपूर्णाबाई दार किलकिलं करून बघतात. परवा मी त्यांना बोलावून कॉफीच दिली, म्हटलं बसा, नीट बघा. एकोजीराव माझ्या हातची आमटी खातात आणि त्यात गूळ का म्हणून दर वेळी भांडतात. माझ्या घरात कोणीतरी मराठीत भांडतं, नीलम! आणि त्यांच्या कार्तिकने आणि आपल्या कौशिकने फोनवर आपापसांत काय ठरवलंय देव जाणे, दोघंही माझ्याशी हल्ली फार गोड बोलतात.

आता एक जुनी गोष्ट. तू दहा वर्षांची असशील. तुझी आई, माझी ताई, जाऊन वर्ष झालं होतं, तुझे बाबा बदलीच्या गावी, तुम्ही दोघं माझ्याजवळ. मला बघायला पुण्याची मंडळी आली होती. त्या रात्री तू माझ्या पदराला तुझ्या फ्रॉकची गाठ मारून झोपलीस, मी उठून जाऊ नये म्हणून. सकाळी मी त्या मंडळींना नकार कळवला. तुझ्या लग्नात, पाठवणीच्या वेळी, तू माझ्या गळ्यात पडून "माझ्यामुळे तू राहिलीस" म्हणाली होतीस आणि मी तुला दटावलं होतं. आज शांतपणे सांगते: मी तेव्हा राहिले ते मला राहायचं होतं म्हणून. तुम्ही दोघं म्हणजे माझा भरलेला संसार होता, त्यात काही उणं नव्हतं. हे ओझं तू अजून वाहत असशील तर आता खाली ठेव. कारण ते घेऊन तुला इकडे येता येणार नाही, आणि यायचं तर आहेच.

हो, यायचं आहे. म्हणूनच हे सगळं पुराण. मी आणि एकोजीराव लग्न करतोय. तमिळ आवणी महिना चांगला असं त्यांच्या चुलतभावाचं म्हणणं, म्हणजे या महिन्याच्या अखेरीला, रजिस्ट्रारच्या कचेरीत, आणि नंतर तिरुवल्लिकेणीत त्यांच्या घरी जेवण. त्यांच्याकडून सुट्टीवर येणारा कार्तिक आहे, चुलतभाऊ आहे, पुतण्या-भाच्यांची फौज आहे. माझ्याकडून कोण? आपला कौशिक तेव्हा बोटीवर असेल. मी तुझी परवानगी मागत नाहीये, पोरी, या वयात ती मागणारही नाही. पण सही करायच्या आधी माझे केस विंचरून देईल, साडीच्या निऱ्या ठीक करील, आणि तिकडची माणसं जरा जास्त बोलू लागली तर डोळे वटारून बघेल, असं कोणीतरी मला हवं आहे. मुलीकडची म्हणून तू ये.

तुझी वाट बघणारी, जरा लाजलेली, तुझीच
जयवंतीमावशी